उंदरांच्या वंशावळीतून कर्करोगाचा माग

नाशिकच्या गंगापूर रोडवर रुग्णालये आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्या पाट्यांची दाटी आहे. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला डॉक्टर हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला हा आजार होता का? उत्तर होकारार्थी आले, की बीआरसीए नावाच्या जनुकांची तपासणी सुचविली जाते. अशा तपासण्या करणारी प्रयोगशाळा आता नाशिक शहरातच आहे. परंतु कर्करोग आणि वारसा यांचे नाते काय, हा प्रश्न १९४० च्या दशकातच मुंबईच्या परळ भागात विचारला जात होता. तो रुग्णांना नव्हे, पांढऱ्या उंदरांना विचारला जात होता आणि विचारणाऱ्या होत्या पुण्याच्या कमल रणदिवे.

माहेरच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते आणि मुलींना शिकविण्याबाबत त्यांच्या मनात कोणताही किंतु नव्हता. हुजूरपागेतील शिक्षण आटोपून कमल फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या आणि १९३४ मध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कन्येने दोन्ही बाबतीत वेगळी वाट धरली. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. पतीच्या साह्याने पुढचे शिक्षण चालू राहिले आणि १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. अभ्यासाचा विषय होता सीताफळ कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून माणसाच्या कर्करोगापर्यंतचे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याची आणि वारशाच्या भाषेत विचार करण्याची सवय दोन्हीकडे सारखीच लागते.

विवाहानंतर मुंबईत आल्यावर त्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात काम स्वीकारले. तेथे प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे खानोलकर हेच त्यांचे मार्गदर्शक झाले. मुंबई विद्यापीठाने १९४९ मध्ये त्यांना पीएच.डी. दिली. स्तनाच्या कर्करोगाकडे कमी-अधिक कल असलेल्या उंदरांच्या वाणांची तुलना, हा त्यांच्या त्या काळातील कामाचा गाभा होता.

उंदीरच का, हे समजून घेण्यासारखे आहे. भाऊ-बहिणींचा संकर पिढ्यान् पिढ्या, निदान वीस पिढ्या, घडवीत नेला, की जवळजवळ एकसारखी जनुके असलेला वाण तयार होतो. असे दोन वाण एकाच खोलीत, एकाच खाद्यावर वाढविले आणि एकातील माद्यांना गाठी झाल्या, दुसऱ्यातील माद्यांना नाही, तर फरक बाहेरच्या हवापाण्याचा नव्हे, आतल्या वारशाचा आहे, असे म्हणता येते. जनुकांचा क्रम वाचण्याची यंत्रे येण्यापूर्वी वारसा तपासण्याचा हा खात्रीचा मार्ग होता.

त्यातही एक गोम होती. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये असे दाखविले होते, की कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाच्या मादीचे दूध पिऊन वाढली, तर त्यांच्यात गाठींचे प्रमाण कमी होते. आईकडून लेकीकडे जाणारे ते काहीतरी दुधातून जात होते. पुढे तो एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले. मात्र दूध प्यायलेल्या प्रत्येक मादीला गाठ होत नसे. वाण कोणता, शरीरातील संप्रेरकांची स्थिती काय, यावरही बरेच अवलंबून असे. रणदिवे यांचे खरे काम येथे आहे. वारसा, संप्रेरके आणि विषाणू हे तीन धागे वेगवेगळे नसून एकमेकांत गुंतलेले आहेत, हे ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. उंदरांतील तो विषाणू माणसातील स्तनाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे मात्र आजवर सिद्ध झालेले नाही. त्या पिढीची ती आशा फळाला आली नाही.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर काचपात्रात जगविणे आणि वाढविणे, या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. हे तंत्र शिकून त्या मायदेशी परतल्या. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले होते. तेथे त्यांनी भारतातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. पेशींना लागणारे पोषक द्रव आणि रसायने परदेशातून मागवीत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे तरुण पदवीधर हाताशी धरून त्यांनी ती येथेच तयार करविली. चरित्रलेखात अशा गोष्टींना सहसा एखादे वाक्य मिळते. प्रत्यक्षात अशा कामातच वर्षे जातात.

या केंद्रात उंदरांचा स्वतःचा वाणही तयार झाला आणि केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी या नावाने ओळखला जाऊ लागला. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग अशा आजारांचे प्राण्यांवरील नमुने रणदिवे यांच्या विभागात सिद्ध झाले. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने सुपारी आणि तंबाखू यांचे हॅमस्टर या प्राण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. पान-सुपारीला घरोघरी मान असलेल्या देशात हा विषय निवडणे महत्त्वाचे होते, कारण तोंडाचा कर्करोग येथे नेहमीच मोठ्या प्रमाणावर आढळत आला आहे. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. कुष्ठरोगावरील लशीच्या संशोधनातही त्यांचा वाटा होता. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत या लशीने बऱ्यापैकी संरक्षण दिले. सार्वत्रिक वापरात मात्र ती आली नाही. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब दिला.

जनुकशास्त्राने दरम्यान लांबचा पल्ला गाठला. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित पहिले बीआरसीए जनुक १९९४ मध्ये सापडले, दुसरे १९९५ मध्ये. या जनुकांत दोष असलेल्यांसाठी परिणामकारक ठरणारी औषधेही आली. तरीही स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहाजणींतच आजार अशा वारशाने येतो. उरलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत वय, संप्रेरके, वजन, गर्भारपण, जीवनशैली अशा अनेक गोष्टींचा हिशेब करावा लागतो. परळच्या उंदरांनी तो हिशेब मांडायला सुरुवात केली होती.

संशोधन क्षेत्रातील स्त्रियांची ओढाताण रणदिवे जवळून पाहत होत्या. १९७३ मध्ये अकरा सहकारी शास्त्रज्ञांसह त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची स्थापना केली. या संस्थेने वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले. शास्त्रज्ञ स्त्रीला प्रयोगशाळेइतकीच पाळणाघराचीही गरज असते, हे जाणणारी माणसे त्या काळी फारशी नव्हती.

उतारवयात त्या अकोले तालुक्यात पोहोचल्या. नाशिकहून घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याशी वळसा घातला, की राजूर लागते. तेथील सत्यनिकेतन या संस्थेच्या सहकार्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे कामही हाती घेतले. आयुष्यभर पेशी पाहिलेल्या या शास्त्रज्ञ आता मुलांची वजने नोंदवीत होत्या.

फेब्रुवारी २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, ११ एप्रिल २००१ रोजी, कमल रणदिवे यांचे निधन झाले.