योहानेस ब्राम्स व त्यांचें 'जर्मन रेक्विएम'

संगीताची खरी पारख एका बैठकींत होत नाहीं. ज्या रचनेस एके ठिकाणीं श्रोत्यांनीं हिणविलें, तीच चार महिन्यांनीं दुसऱ्या ठिकाणीं ऐकून श्रोते सद्गदित झाले, असा अनुभव ज्यांच्या वाट्यास आला, त्या योहानेस ब्राम्स यांचें चरित्र आम्ही येथें आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

ब्राम्स यांचा जन्म ता. ७ मे १८३३ रोजीं जर्मनींतील हॅम्बुर्ग बंदरांत झाला. वडील वाद्य वाजवून पोट भरीत, आई शिवणकाम जाणणारी. घरची गरिबी असूनहि मार्क्सेन नांवाच्या विद्वान् गुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें. १८५३ सालीं, विसाव्या वर्षीं, त्यांची प्रसिद्ध रचनाकार शूमान यांच्याशीं गांठ पडली. शूमान यांनीं एका लेखांत या तरुणाची इतकी स्तुति केली कीं, ती त्यास ओझ्यासारखी झाली. १८५९ च्या जानेवारींत लाइप्झिग येथें त्यांची पियानो व वाद्यवृंद यांकरितां लिहिलेली मोठी रचना झाली, तेव्हां श्रोत्यांनीं फुसकारे टाकून नापसंति दर्शविली. ब्राम्स यांनीं तो अपमान मुकाट्यानें सोसला व ते पुन्हा कामास लागले.

दुःखाशीं त्यांची ओळख लहान वयांतच झाली होती. शूमान यांस वेड लागून १८५६ सालीं त्यांचा अंत झाला. त्या संकटांत त्यांची पत्नी क्लारा व मुलेंबाळें यांना ब्राम्स यांनीं मोठाच आधार दिला. १८६५ च्या फेब्रुवारींत आई आजारी असल्याची बातमी आली. ते व्हिएन्नाहून धांवत आले, परंतु आईची जिवंतपणीं भेट झाली नाहीं. या दोन वियोगांची छाया 'जर्मन रेक्विएम' या रचनेवर पडली आहे असें मानितात.

रेक्विएम म्हणजे मृतांच्या आत्म्यास विश्रांति मिळावी म्हणून रोमन कॅथोलिक मंडळींत होणारी लॅटिन उपासना. ब्राम्स प्रॉटेस्टंट घराण्यांतले. त्यांनीं लॅटिन शब्द सोडून लूथरच्या जर्मन पवित्र शास्त्रांतून स्वतः वचनें निवडिलीं. त्यांत मृतांकरितां विनवणी नाहीं. मागें राहून शोक करणाऱ्यांचें सांत्वन आहे. आरंभींचें वचनच डोंगरावरील प्रवचनांतलें, शोक करणाऱ्यांस धीर देणारें आहे.

ता. १ डिसेंबर १८६७ रोजीं व्हिएन्ना येथें हर्बेक यांच्या नेतृत्वाखालीं या रचनेचे पहिले तीनच भाग झाले. तिसऱ्या भागाच्या शेवटीं, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातीं सुखरूप आहेत अशा अर्थाच्या वचनावर अनेक आवाजांची गुंफण आहे, आणि तिच्याखालीं खर्जाचा एकच सूर पायाच्या दगडाप्रमाणें अखेरपर्यंत अढळ राहतो. परंतु तो सूर नगारा वाजविणारानें इतक्या जोरानें ठोकला कीं, गाणारांचे शब्द त्यांत बुडून गेले. कांहींनीं टाळ्या वाजविल्या, तर कांहींनीं फुसकारे टाकले. ब्राम्स यांचे मित्र व समीक्षक हान्स्लिक यांनीं श्रोत्यांच्या त्या स्थितीस बोगद्यांतून धडधडत जाणाऱ्या आगगाडींतील उतारूंची उपमा दिली.

त्यानंतरचा प्रयोग ब्रेमेनच्या प्रधान मंदिरांत ता. १० एप्रिल १८६८ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, ठरला. तेथील ऑर्गनवादक राइनथालर यांनीं गायकवृंदाकडून कसून तालीम करून घेतली होती. मात्र या वचनांत ख्रिस्ताच्या मरणानें होणाऱ्या तारणाचा स्पष्ट उल्लेख नाहीं, ही त्यांस उणीव वाटली. ब्राम्स यांनीं वचनें बदलण्याचें नम्रपणें पण निश्चयानें नाकारिलें. अखेर हेंडेल यांच्या 'मसीहा'मधील आपला उद्धारक जिवंत आहे अशा अर्थाचें गीत त्या कार्यक्रमांत घालण्यांत आलें.

त्या दिवशीं क्लारा शूमान यांस हात देऊन ब्राम्स यांनीं मंदिरांत आणिलें, व नेतृत्वहि स्वतःच केलें. या वेळीं सहा भाग झाले. क्लाराबाईंस फारच गहिंवर आला. श्रोत्यांत वृद्ध वडीलहि होते. बाहेर येऊन तपकिरीची चिमूट ओढीत, बरें वाजलें, इतकेंच ते म्हणाले असें सांगतात. त्याच महिन्यांत ब्रेमेनकरांनीं ही रचना पुन्हा ऐकिली.

यशानें ब्राम्स फुगून गेले नाहींत. माता बालकाचें समाधान करिते तसें देव करील, या आशयाचा आणखी एक भाग त्यांनीं पुढें लिहिला. आणि सात भागांची पूर्ण रचना ता. १८ फेब्रुवारी १८६९ रोजीं लाइप्झिग येथें, जेथें पूर्वीं त्यांचा उपहास झाला होता त्याच नगरींत, गाइली गेली. तरीहि सर्वांसच ती रुचली असें नाहीं; बर्नार्ड शॉ यांनीं तिची पुष्कळ थट्टा केली. ब्राम्स यांची पहिली सिंफनी १८७६ सालीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं, लोकांपुढें आली. मनास न उतरलेलीं अनेक लिखितें त्यांनीं स्वतःच नष्ट केलीं. ता. ३ एप्रिल १८९७ रोजीं व्हिएन्ना येथें त्यांचा अंत झाला, तेव्हां हॅम्बुर्ग बंदरांतील जहाजांनीं आपलीं निशाणें अर्ध्यावर उतरविलीं.

व्हिएन्नांतला तिसरा भाग व ब्रेमेनमधला तिसरा भाग यांत फरक तालमीचा होता, स्थळाचा होता, आणि ऐकणाऱ्यांच्या मनाचाहि होता. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, एका परीक्षेंत ज्याचे गुण दिसले नाहींत, त्यास उणा लेखूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, कोणी तुमच्या कामास हंसलें, तर प्रथम दोष नगाऱ्याचा कीं गीताचा, हें शांतपणें पाहा. दोष नगाऱ्याचा असेल तर तालीम वाढवा. गीताचा असेल तर तें पुन्हा लिहा. परंतु लेखणी खालीं ठेवूं नका.