भंडाऱ्याची हार

आपले कोंढा गाव ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तिथूनच १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. १९५२ साली मुंबईतही हरले होते. त्यात मधुमेहाने शरीर खचलेले. दुःख झालेच असेल.

आपण ग्रामपंचायतीत पडलो तर वर्षभर शेजाऱ्याशी बोलत नाही! अपमान झाला, अपमान झाला, असे मनात घोळवले की संताप वाढतो. राग आला की त्यामागचा विचार आधी पकडा. पुढे कोणते काम उरले, हे स्वतःला विचारा.

बाबासाहेबांपुढे धम्माचे काम होते. त्याच डिसेंबरात ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले, २५ तारखेला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. आजारातच धम्मग्रंथ लिहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह दीक्षा घेतली.