रुलेटच्या टेबलावर हरलेल्या गणितज्ञाकडेच मोबाईलमधल्या चाकाचं गुपित होतं

मोबाईलवर एक चाक फिरतं, पांढरी गोळी उड्या मारते आणि १७ वर थांबते. पण मोबाईलमध्ये ना चाक असतं, ना गोळी. चित्र फिरायला लागतं तेव्हा १७ हा आकडा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो.

मग तो आकडा ठरवतं कोण? आणि तो खरंच नशिबाचा असतो का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर एका हंगेरियन माणसाच्या आयुष्यात डोकवावं लागतं. त्याचं नाव जॉन फॉन न्यूमन.

बँकरच्या घरातला मुलगा

न्यूमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ चा, बुडापेस्टमधला. वडील बँकर, घरात पैशाला तोटा नव्हता. पोरगं लहानपणापासून आकडेमोडीत वस्ताद. पण गणितावर पोट भरत नाही, ही वडिलांची काळजी आपल्याकडच्या बापांसारखीच. म्हणून न्यूमन यांनी झुरिकमध्ये केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि त्याच काळात बुडापेस्टमधून गणिताची डॉक्टरेटही मिळवली. साल होतं १९२६, वय अवघं २२.

१९२८ मध्ये त्यांनी खेळांच्या गणितावर निबंध लिहिला. समोरच्याला आपली चाल ओळखता येऊ नये असं वाटत असेल, तर कधीकधी ती नशिबावर सोडणं हाच शहाणपणा ठरतो, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. पुढे 'गेम थिअरी' म्हणून नावारूपाला आलेल्या शास्त्राचा हा पाया होता.

माँटे कार्लोची ती रात्र

१९३० नंतरची गोष्ट. क्लारा डान ही बुडापेस्टची तरुणी नवऱ्यासोबत माँटे कार्लोच्या कॅसिनोत गेली होती. तिथे रुलेटच्या टेबलावर न्यूमन बसलेले. समोर एक मोठा कागद आणि चिप्सची छोटीशी रास.

न्यूमन यांनी जिंकण्याची पद्धत शोधली होती. हिशोब लांबलचक होता. चाक सरळ नसेल, त्यात गडबड असेल, तर काय, हेसुद्धा त्यात धरलं होतं. थोड्या वेळाने न्यूमन टेबलावरून उठले तेव्हा खिसा रिकामा होता. ते क्लारांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या पेयाचे पैसेही क्लारांनाच द्यावे लागले. हा किस्सा क्लारा यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. १९३८ मध्ये दोघांनी लग्न केलं.

जगातला एक हुशार माणूस का हरला? त्याचं गणित अगदी साधं आहे.

युरोपियन रुलेटमध्ये ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. समजा तुम्ही प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले, म्हणजे एकूण ३,७०० रुपये. एक आकडा नक्की लागणार. त्यावर ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये आणि तुमचे मूळचे १०० परत मिळतात. हातात येतात ३,६००. शंभर रुपये कॅसिनोने खाल्ले! हे प्रमाण पडतं २.७ टक्के. अमेरिकन चाकावर '००' हा आणखी एक खाना असतो, तिथे ते ५.२६ टक्के होतं.

चाक शंभर टक्के सरळ असलं तरी हा हिशोब बदलत नाही.

यंत्राला नशीब शिकवताना

१९३० मध्ये न्यूमन अमेरिकेत प्रिन्स्टनला आले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लॉस अलामोसमध्ये अणुबॉम्बवर काम केलं. १९४६ मध्ये त्यांचे मित्र स्टॅनिस्लॉ उलाम आजारपणातून उठत होते आणि वेळ घालवायला एकट्याने पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, याचं गणित करण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलं तर? न्यूमन यांनी ही कल्पना उचलली आणि अणुस्फोटातल्या न्यूट्रॉनच्या हिशोबाला लावली. या पद्धतीला नाव पडलं 'माँटे कार्लो', कारण उलाम यांच्या काकांना तिथल्या जुगाराचा नाद होता.

१९४८ मध्ये एनिॲक संगणकावर हे हिशोब झाले. त्यांचा प्रोग्रॅम लिहिण्यात मोठा वाटा होता क्लारा यांचा.

आता अडचण अशी की या पद्धतीला हजारो रँडम आकडे लागतात आणि संगणक तर सांगितलेलंच करतो. न्यूमन यांनी एक युक्ती काढली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा आणि मधले चार अंक उचला. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले अंक ३२१५. पुढे ३३६२. बघणाऱ्याला वाटतं, आकडे कसेही येतायत. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याने बांधलेला आहे.

त्यात खड्डेही आहेत. ३७९२ चा वर्ग करा: १४३७९२६४. मधले अंक पुन्हा ३७९२! चाक कायमचं अडकलं. न्यूमन यांना हे चांगलं ठाऊक होतं. हिशोबाने नशीब तयार करणं म्हणजे पापच, अशी थट्टा त्यांनी स्वतःच केली होती.

नाणं खोटं असलं तरी न्याय्य कौल कसा काढायचा, हेही त्यांनी सांगितलं. नाणं दोनदा उडवा. छापा-काटा आला तर छापा धरा, काटा-छापा आला तर काटा. दोन्ही वेळा सारखंच आलं तर सोडून द्या आणि पुन्हा उडवा.

८ फेब्रुवारी १९५७ ला कॅन्सरने न्यूमन गेले. वय होतं ५३.

मग आजचं ऑनलाईन चाक?

आजची सूत्रं न्यूमन यांच्या युक्तीपेक्षा कितीतरी पक्की आहेत. पण तत्त्व तेच आहे: सुरुवातीचा आकडा कळला की पुढचं सगळं कळतं. १९९९ मध्ये काही संगणक तज्ज्ञांनी एका ऑनलाईन पोकरची पानं अशीच आधी ओळखून दाखवली. तिथला सुरुवातीचा आकडा संगणकाच्या घड्याळातून घेतला जात होता. म्हणून चांगल्या यंत्रणा हा आकडा विजेच्या सूक्ष्म गोंगाटासारख्या, अंदाज न येणाऱ्या गोष्टींतून घेतात आणि बाहेरच्या प्रयोगशाळांकडून तपासून घेतात.

पण तपासणी न झालेल्या ॲपमध्ये आत काय चाललंय, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. दहा-वीस डाव बघून ते ओळखताही येत नाही. भारतात तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचाच कायदा केला. त्यामुळे अशा ॲपमध्ये पैसे अडकले, तर दाद मागायला जागा मिळणं कठीण.

रँडम असणं आणि न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा अगदी खरा रँडम असला तरी ३,७०० लावून ३,६०० च परत येतात. माँटे कार्लोचं चाक खरंखुरं होतं आणि समोर न्यूमन यांच्यासारखा गणितज्ञ होता. तरी पेयाचे पैसे क्लारांनाच द्यावे लागले.