मल्लवीर कै. खाशाबा जाधव

आपल्या परभणी जिल्ह्यातील गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला म्हणजे त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम रेवड्यांवर व नारळांवर लहान मुलांच्या कुस्त्या होतात. मग बक्षिसाची रक्कम चढत जाते. आणि दिवस मावळतीस आला म्हणजे शेवटची मानाची कुस्ती लागते. तीत उतरणारे मल्ल धिप्पाड असतात, व त्यांच्यासाठीच लोक तोवर थांबलेले असतात. त्यामुळे मोठा मल्ल म्हणजे मोठ्या देहाचा मल्ल, अशी समजूत आपल्या मनात नकळत घर करते. ज्यांच्या चरित्राने ही समजूत खोटी ठरविली, त्या कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यात कराडनजीक गोळेश्वर या गावी १९२६ साली झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरच्या मातीतच त्यांना कुस्तीचे बाळकडू मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. देह लहान, परंतु अंगी विलक्षण चपळाई. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्यास सावध होण्यास अवसर मिळण्यापूर्वीच त्याची पाठ मातीस लागलेली असे.

१९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे कुस्ती मातीत नव्हे, गादीवर. मातीत पाय रोवून लढण्याची सवय असलेल्या मल्लास गादी परकी वाटते, नियमही निराळे. तथापि खाशाबांनी ५२ किलोंच्या गटात सहावा क्रमांक मिळविला. हे अपयश नव्हते. पण त्यांनी त्यास यशही मानले नाही. मायदेशी परतताच त्यांनी दुप्पट जोमाने मेहनत आरंभिली.

पुढील सामने १९५२ साली हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. या वेळी पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली. परंतु सर्वांत मोठा भार राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी उचलला. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एका गुरूने शिष्यावर ठेवलेल्या विश्वासाचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हेलसिंकीस खाशाबा ५७ किलोंच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हार दिली. जपानचे इशी व रशियाचे मामादबेयोव्ह यांच्यापुढे मात्र त्यांचे चालले नाही. तरीही तिसरा क्रमांक व कांस्यपदक त्यांच्या पदरी पडले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. तसे दुसरे पदक मिळण्यास देशाला १९९६ सालापर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, वाट पाहावी लागली.

गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु आम्हांस त्या मिरवणुकीहून पुढील गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून पैसा जमविला आणि गुरूचे गहाण पडलेले घर सोडविले.

आता तुलनेचा प्रश्न. महाराष्ट्राने याहून वजनदार मल्लही पुष्कळ पाहिले. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. गणपतराव आंदळकर व मारुती माने यांनीही हिंदकेसरीची गदा मिळविली, व १९६२ साली जकार्ता येथील आशियाई सामन्यांत वरच्या वजनगटांत सुवर्णपदके जिंकली. आंदळकरांनी तर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत कित्येक मल्ल घडविले. त्यांचा वारसा गदेचा व तालमीचा. उलट खाशाबांचे सोबती केशव मानगावे हे हेलसिंकीसच ६२ किलोंच्या गटात चौथे आले. एका पायरीचे अंतर. पण आज त्यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

मग श्रेष्ठ कोण? आमच्या मते हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. वजनाचे गट पाडले गेले ते न्यायासाठी. खाशाबांची कुस्ती आंदळकरांशी लावणे हा जसा अन्याय, तसाच एकाच्या कीर्तीने दुसऱ्याची कीर्ती मोजणे हाही अन्यायच. ज्याचे त्याचे काम ज्याच्या त्याच्या गटात मोजावे. एवढे मात्र खरे की मानाच्या शेवटच्या कुस्तीस ज्यांना कोणी बोलाविले नसते, त्या ५७ किलोंच्या देहाने जे केले, ते त्या काळी दुसऱ्या कोणासही साधले नाही.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले व तेथेच त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. जिवंतपणी देशाने त्यांचे कौतुक बेताचेच केले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आणि २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले. हे ऋण फेडण्यास समाजाला इतकी वर्षे लागली. खाशाबांनी आपले ऋण मात्र तत्काळ फेडले होते.

पालकहो, आपले मूल शेजारच्या मुलाशेजारी उभे करून त्याची उंची मोजण्याचा मोह आपणा सर्वांस होतो. आम्हां शिक्षकांसही होतो. त्या वेळी गोळेश्वरच्या या मल्लाचे स्मरण करावे. आणि विद्यार्थी मित्रहो, आपला गट कोणता हे ओळखा, त्यात जिवापाड मेहनत करा, व ज्याने तुमच्यासाठी घर गहाण टाकले त्यास कधी विसरू नका.