कर्मवीर भाऊराव पाटील : दानाला दिशा देणारे जीवन

जैन धर्मात दानाचे आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे चार प्रकार सांगितले आहेत. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु तोच मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकेला का राहतो, हा प्रश्नही दात्याने स्वतःला विचारावयास हवा. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या संपूर्ण आयुष्याने दिले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी उचित ठरेल.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व मातोश्रींचे गंगाबाई. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. समाजातील दात्यांच्या औदार्यामुळेच खेड्यातील अशा मुलांना शहरात निवारा मिळत होता. तथापि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमास उपस्थित राहून परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. दानातून उभी राहिलेली वास्तूही सर्वांसाठी खुली नसेल तर ते दान अपुरे ठरते, हा धडा त्यांना कोवळ्या वयातच मिळाला.

त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले. पुढे ओगले, किर्लोस्कर व कूपर यांच्या कारखान्यांचा माल विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. या भ्रमंतीत रयतेचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले. अक्षरओळख नसलेला शेतकरी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवतो, कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही आणि केवळ मदतीने ही साखळी तुटत नाही, हे त्यांनी ओळखले.

दुधगाव येथे १९१० मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी शिक्षण मंडळ स्थापन केले. तेथील मुष्टिफंड योजनेत घरोघरच्या माता-भगिनी रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढीत आणि त्यावर वसतिगृहातील मुले जेवत. श्रीमंताच्या एका मोठ्या देणगीपेक्षा सर्व गावाचा मूठभर वाटा अधिक टिकाऊ असतो, कारण त्यामुळे शाळा गावाची स्वतःची होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

एका मुलाला जेवू घातले तर एक मुलगा शिकतो, परंतु एक शिक्षक घडविला तर गाव शिकते. हा हिशेब मांडून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू करण्यात आले आणि तेथील शिक्षकांच्या बळावर खेडोपाडी शाळा निघाल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. कमवा आणि शिका योजनेमुळे शेतात व बांधकामावर राबणारा विद्यार्थी याचक न राहता स्वतःच्या शिक्षणाचा दाता झाला. मोठ्या देणगीच्या बदल्यात महाविद्यालयाचे नाव बदलण्याची सूचना त्यांनी ठामपणे नाकारल्याचे सांगितले जाते.

अर्थात भाऊरावांनी दान कधी कमी लेखले नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तेव्हा सामान्य जनतेच्या आधारानेच संस्था तगली. आजची भूक उद्याच्या शाळेची वाट पाहत नाही. म्हणून अन्नछत्र हवेच. मात्र अन्नछत्राची रांग दरवर्षी कमी व्हावी, असाही प्रयत्न हवा. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले आणि वंचितांच्या हाती विद्येचे साधन दिले. त्यामागील विचार हाच होता.

१९५९ मध्ये पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. हे सन्मान भाऊरावांना लाभले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

गारखेडा परिसरातील आपल्या समाजात दानशूरांची उणीव नाही. पुढील पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टच्या दानातून किती हात घेणारे राहिले यापेक्षा किती हात देणारे झाले, याची नोंद ठेवली जावी. तीच कर्मवीरांना खरी आदरांजली ठरेल.