जॉन नेपियर

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांचे वडील किंवा भाऊ भोसरी, पिंपरी, चाकण येथील कारखान्यांत काम करत असतील. तेथील यंत्रांचा आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८० डेसिबलपेक्षा ९० डेसिबलचा आवाज थोडासाच जास्त असेल, असे तुम्हांला वाटेल. पण त्याची तीव्रता दहापट असते आणि १०० डेसिबलची शंभरपट! कारण हे माप लॉगरिथमवर आधारलेले आहे. लॉगरिथम शोधून काढणाऱ्या जॉन नेपियर यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

नेपियर यांचा जन्म १५५० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराजवळ, मर्चिस्टन येथे झाला. तेराव्या वर्षी ते सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकायला गेले. त्याच वर्षी त्यांची आई वारली. पुढे ते आपली जमीनजुमला सांभाळू लागले. गणित हा त्यांचा पेशा नव्हता, आवड होती.

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना आणि खलाशांना मोठमोठे गुणाकार हातानेच करावे लागत. त्यात दिवसचे दिवस जात. एखादा अंक चुकला, तर जहाज भलतीकडेच जाई. हे कष्ट कमी करायचे, असे नेपियर यांनी ठरवले.

त्यांची युक्ती समजण्यासाठी वहीत दोन ओळी लिहा.

१, २, ३, ४, ५, ६, ७, ८
२, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६

आता ८ ला ३२ ने गुणायचे आहे. ८ च्या वर ३ आहे, ३२ च्या वर ५ आहे. ३ आणि ५ मिळून ८. वरच्या ८ खाली पाहा: २५६. हेच उत्तर! गुणाकाराची बेरीज झाली. खालच्या संख्या २ चे घात आहेत. वरचे घातांक हेच त्यांचे लॉगरिथम. येथे पाया २ आहे.

याचा आलेखही काढा. वरची ओळ आडव्या अक्षावर आणि खालची उभ्या अक्षावर घ्या. रेषा आधी हळू आणि मग झपाट्याने वर चढते. हा घातांकी फलनाचा आलेख होय. आता ओळींची अदलाबदल करा. रेषा चढतच राहते, पण तिचा चढ कमी कमी होत जातो. हा लॉगरिथमचा आलेख होय. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखे घेतले, तर हे दोन आलेख एकमेकांची आरशातील प्रतिमा दिसतात.

नेपियर यांनी मात्र घातांक वापरले नाहीत. एक बिंदू सारख्या वेगाने धावतो आणि दुसऱ्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत जातो, अशी कल्पना त्यांनी केली. त्यावरून कोष्टके तयार करण्यात त्यांची सुमारे २० वर्षे गेली. १६१४ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले.

ते वाचून लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ साली त्यांना भेटायला आले. पाया १० घेतला तर काम आणखी सोपे होईल, यावर दोघांचे एकमत झाले. पण नेपियर यांची प्रकृती ढासळली होती. ४ एप्रिल १६१७ रोजी ते मरण पावले. उरलेले काम ब्रिग्ज यांनी पुढे नेले.

१६१९ मध्ये थोर खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी आपला एक ग्रंथ नेपियर यांना अर्पण केला. नेपियर हयात नाहीत, हे त्यांना ठाऊकच नव्हते! मुलांनो, नेपियर यांनी आपली २० वर्षे खर्च केली, म्हणून पुढच्या पिढ्यांची कितीतरी वर्षे वाचली.