पाचवा क्रमांक

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे कुणाचेही चरित्र वाचताना माझी नजर आधी जमेच्या बाजूकडे जाते. कॅनडाच्या बॉबी रोझेनफेल्डची ती बाजू भक्कम आहे. १९०४ साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेली ही मुलगी तान्हेपणीच आईवडिलांबरोबर ऑन्टॅरिओतील बॅरी गावी आली. पुढे टोरांटोत चॉकलेटच्या कारखान्यात स्टेनोग्राफर झाली. आइस हॉकी हा तिचा जीव की प्राण. पण नाव झाले ते १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये. १०० मीटरमध्ये रौप्य, रिलेत सुवर्ण!

मला मात्र त्याच ऑलिंपिकमधला तिचा पाचवा क्रमांक मोलाचा वाटतो. ८०० मीटरच्या शर्यतीत ती उतरली, ती १७ वर्षांच्या जीन थॉम्प्सनला धीर देण्यासाठी. मागून येऊन तिने जीनला गाठले. पोर ढेपाळते आहे हे पाहून ती शेजारून धावत राहिली आणि शेवटी तिलाच पुढे जाऊ दिले. जीन चौथी, बॉबी पाचवी.

एवढे अंतर बायकांना झेपत नाही असे ठरवून ही शर्यत नंतर बंद झाली. ती परतली १९६० मध्ये. बॉबीला १९२९ मध्ये संधिवाताने गाठले. ती त्यातून उठली, पुन्हा बर्फावर उतरली. पण १९३३ मध्ये खेळ कायमचा सुटला. मग तिने प्रशिक्षण दिले, ऑन्टॅरिओतील महिला हॉकी संघटनेचे काम पाहिले, वृत्तपत्रातून मुलींच्या खेळाची बाजू लढवली. १९६९ मध्ये ती गेली.

मुलींना घडवू पाहणाऱ्या प्रशिक्षकांनी तिच्या पदकांआधी तो पाचवा क्रमांक पाहावा. हरलेली पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येते, ती अशाच कुणाच्या तरी सोबतीमुळे.